माशाच्या कातडीवरचा व्रण : ट्राउटच्या हौदापासून दख्खनच्या तलावापर्यंत

१/ बालाघाटच्या डोंगररांगेवर पडणारा पाऊस धाराशिव जिल्ह्यात दोन दिशांना वाटला जातो. मांजरा आणि तेरणा यांचे पाणी गोदावरीला मिळते. सीना आणि बोरी यांचे पाणी भीमेमार्गे कृष्णेला. या पाणलोटाच्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या दोन तलावांत काही मैलांचेच अंतर असू शकते. पण गोड्या पाण्यातला मासा ते अंतर आपल्या परांच्या बळावर कधीच कापू शकत नाही.

२/ माशांच्या कातडीवर लाल चट्टे उठवणारा, चट्ट्यांचे खोल व्रण करणारा एक रोग मात्र अशा रेषा सहज ओलांडत आला आहे. १९८८ मध्ये तो भारताच्या ईशान्य टोकाला दिसला आणि नव्वदच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांतच केरळ, आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्र, राजस्थान, पंजाब अशी बहुतेक राज्ये त्याने गाठली. ब्रह्मपुत्रा, गोदावरी, कृष्णा आणि सतलज यांना एकमेकींशी जोडणारी कोणतीही नदी नकाशावर नाही. मग तो रोग आला कोणत्या वाटेने?

३/ या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आधी दख्खनपासून फार दूर, बव्हेरियातील ट्राउट माशांच्या पैदास केंद्रात जावे लागते. माणसाने पाळलेल्या माशांच्या त्वचारोगांच्या लिखित इतिहासातला एक महत्त्वाचा टप्पा तेथे आहे. ट्राउट हा थंड, वाहत्या, निर्मळ पाण्याचा मासा. धाराशिवच्या उन्हात तो एक दिवसही तग धरणार नाही. परंतु पाळीव माशांचे रोग कसे पसरतात याचा पहिला धडा त्यानेच दिला.

४/ १८९४ मध्ये म्युनिकच्या एमेरिख आणि वायबेल या दोन संशोधकांनी बव्हेरियातील ट्राउटच्या पैदास केंद्रातील एका साथीचे वर्णन प्रसिद्ध केले. माशांच्या कुशीवर गळवांसारखे फुगवटे येत, ते फुटत, आतून रक्तमिश्रित द्रव वाहे आणि मासे मरत. या गळवांवरूनच रोगाला पुढे ‘फुरंक्युलोसिस’ हे नाव मिळाले. त्याचा जिवाणू आज ‘एरोमोनास साल्मोनिसिडा’ म्हणून ओळखला जातो. या नावातच साल्मन कुळातील माशांचा मारेकरी असा अर्थ दडलेला आहे.

५/ हा काळ महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात ट्राउटची कृत्रिम पैदास हा एक व्यवसाय झाला होता. नद्या कारखान्यांनी आणि बंधाऱ्यांनी उजाड केल्या, म्हणून हौदात मासे वाढवून ते नद्यांत सोडण्याची कल्पना पुढे आली. रेल्वेने पाण्याच्या डब्यांतून जिवंत मासे शेकडो मैल नेता येऊ लागले. त्याच सुमारास अमेरिकेतून ‘इंद्रधनुषी’ म्हणजे रेनबो ट्राउटही युरोपात आला.

६/ रेनबो ट्राउट फुरंक्युलोसिसला युरोपच्या तपकिरी ट्राउटपेक्षा कमी बळी पडतो. हा त्याचा गुण पैदास करणाऱ्यांना आवडला. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तोच गुण घातक म्हटला पाहिजे. जो मासा स्वतः मरत नाही, तो रोग अंगात घेऊन फिरतो. विकणारा निरोगी मासा विकला असे समजतो, घेणारा निरोगी मासा घेतला असे समजतो, आणि काही महिन्यांनी घेणाऱ्याच्या नदीतले स्थानिक मासे पोटावर गळवे घेऊन काठाला लागतात. रोग मुळात अमेरिकन माशांबरोबर युरोपात आला, असा संशयही त्या काळी व्यक्त झाला.

७/ ब्रिटनमध्ये हा प्रश्न इतका वाढला की १९२९ मध्ये फुरंक्युलोसिस समिती नेमावी लागली. एडिंबरोचे जीवाणुशास्त्रज्ञ टी. जे. मॅकी यांनी तिचे काम पाहिले. तिचे अहवाल १९३० ते १९३५ या काळात आले आणि त्यांच्या आधारे १९३७ चा ‘डिसीजेस ऑफ फिश अॅक्ट’ झाला. माशांच्या रोगांसाठी असा स्वतंत्र कायदा तोवर दुर्मीळ होता. त्याचा भर औषधावर नव्हता, कारण औषध हाताशी नव्हतेच. भर होता तो जिवंत माशांच्या आयातीवर आणि बाधित पाण्यातून मासे हलवण्यावर. समितीला रोगाचे वाहन सापडले होते.

८/ याच्या उलट बाजूचे उदाहरण अधिक बोलके आहे. १८६४ मध्ये ‘नॉरफोक’ नावाचे जहाज इंग्लंडहून टास्मानियासाठीची खेप घेऊन ऑस्ट्रेलियाला पोहोचले. त्याच्या बर्फखान्यात शेवाळात गुंडाळलेली साल्मन आणि ट्राउट यांची अंडी होती. विषुववृत्त ओलांडून ती जिवंत राहिली आणि प्लेन्टी नदीकाठच्या केंद्रात उबली. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील तपकिरी ट्राउटची वंशावळ मुख्यतः त्या पेट्यांपाशी जाते. आणि ज्या फुरंक्युलोसिसने युरोप त्रस्त झाला, त्या मूळ स्वरूपातील रोग ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या ट्राउटमध्ये आजही नाही. तेथे मासे अंड्यांच्या रूपाने गेले होते, पोहणारे म्हणून नव्हे.

९/ भारतातही ट्राउट असाच, बर्फातल्या अंड्यांतून आला. काश्मीरसाठी १८९९ मध्ये पाठवलेली अंडी वाटेतच मेली; १९०० मधली खेप जगली. निलगिरीत १८६० च्या दशकापासून चाललेले प्रयत्न विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात यशस्वी झाले. गोऱ्या साहेबाच्या गळाला ओळखीचा मासा लागावा हा त्यामागचा हेतू होता. त्यासाठी काश्मीरच्या मूळ माशांचे काय होईल याचा विचार कोणी केला नाही, ही गोष्ट वेगळी.

१०/ ट्राउटच्याच कुळातील साल्मनवर आणखी एक प्रसंग गुदरला होता. १८७७ पासून इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरील नद्यांत साल्मनच्या अंगावर कापसासारखे पांढरे पुंजके आणि खालचे मांस खाणारे व्रण दिसू लागले. डार्विनचे कैवारी म्हणून प्रसिद्ध असलेले टी. एच. हक्स्ली तेव्हा मत्स्यनिरीक्षकाच्या सरकारी पदावर होते. त्यांनी रोगी साल्मनच्या कातडीवर मेलेल्या माश्या घासल्या आणि त्या स्वच्छ पाण्यात ठेवल्या. दोन दिवसांत माश्यांच्या अंगावर तोच पांढरा कापूस उगवला. १८८२ मध्ये त्यांनी हा प्रयोग रॉयल सोसायटीपुढे मांडला.

११/ हक्स्लींनी पाहिलेली ‘सॅप्रोलेग्निया’ दिसायला बुरशी असली तरी खरी बुरशी नव्हे. जीवशास्त्र तिला ‘जलबुरशी’च्या वेगळ्या गटात ठेवते. धाराशिव-सोलापूरकडच्या द्राक्षबागायतदाराला या गटाची ओळख करून द्यायची गरज नाही. वेलीच्या पानांवर येणारा डाऊनी, म्हणजे केवडा, याच गटातला. ओलाव्यात पोहणारे बीजाणू सोडणे हे या साऱ्या गटाचे शस्त्र. पानावरचा दवबिंदू त्याला पुरतो; मग तलाव म्हणजे तर त्याचा राजमार्गच.

१२/ सॅप्रोलेग्नियाचीच एक सख्खी नातेवाईक आपल्या कथेची नायिका आहे. १९७१ च्या उन्हाळ्यात जपानमधील ओइता प्रांतात पाळलेल्या ‘आयु’ माशांच्या अंगावर व्रण आढळले. आयु हा जपानी नद्यांतला ट्राउटसारखाच नाजूक, मानाचा मासा. एगुसा आणि मासुदा यांनी त्याचे पहिले वर्णन केले. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधील बंडाबर्गजवळ बर्नेट नदीच्या मुखाशी बोईसारख्या माशांवर तसेच लाल चट्टे दिसले. तेथे त्याला ‘रेड स्पॉट’ म्हणू लागले. दोन्ही ठिकाणच्या अभ्यासकांना आपण एकच रोग पाहतो आहोत हे पुढे कित्येक वर्षे कळले नाही.

१३/ त्यानंतरची वाटचाल एखाद्या स्वारीच्या मुक्कामांसारखी सांगता येते. सत्तरच्या दशकाच्या मध्यास पापुआ न्यू गिनी. १९८० मध्ये इंडोनेशिया. मग मलेशिया आणि थायलंड. थायलंडमध्ये पाळलेल्या मरळ माशांची अतोनात हानी झाली. म्यानमार, लाओस, कंबोडिया. १९८७ च्या अखेरीस समुद्र ओलांडून श्रीलंका. १९८८ च्या आरंभी बांगलादेश आणि काही महिन्यांतच त्रिपुरा, आसाम, मेघालय, पश्चिम बंगाल. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात बांगलादेशात आलेल्या महापुराने तळी, भातखाचरे आणि नद्या एक करून टाकल्या.

१४/ पूर हे एक वाहन झाले. पण श्रीलंकेला पूर पोहोचत नाही. तेथे आणि अन्यत्र संशय गेला तो काचेच्या पेटीत ठेवायच्या शोभेच्या माशांवर, आणि एका देशातून दुसऱ्या देशात नेल्या जाणाऱ्या पाळीव माशांच्या पिल्लांवर. १९८६ मध्ये बँकॉक येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत या रोगाला ‘एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम’ असे लांबलचक नाव दिले गेले. व्यवहारात ते ‘ईयूएस’ झाले. नावात ‘सिंड्रोम’, म्हणजे लक्षणसमूह, हा शब्द आहे. कारण माहीत नसले की वैद्यकशास्त्र असाच शब्द वापरते.

१५/ कारण का सापडत नव्हते? उघड्या व्रणातून नमुना घेतला की त्यात सारेच सापडे. जिवाणू सापडत, विषाणू सापडत, बुरशी सापडे, परोपजीवी किडे सापडत. जो तो आपल्या विषयातले सापडलेले जंतू दोषी धरी. भाताच्या कीटकनाशकांवरही आरोप झाला आणि लोकांना तो सर्वांत पटला, कारण हरित क्रांतीचे ते दिवस होते आणि शेतातून तळ्यात वाहणारे औषध सर्वांनी पाहिले होते. वास्तविक व्रण म्हणजे मोडलेला वाडा. आत शिरलेल्यांपैकी दरवाजा कोणी फोडला हे त्यांच्याकडे पाहून ठरत नाही.

१६/ या गोंधळाचा फटका प्रयोगशाळांबाहेर बसला. १९९१ मध्ये केरळात साथ पोहोचली तेव्हा लोकांनी मासे खाणेच टाकले. निरोगी माशालाही गिऱ्हाईक उरले नाही आणि गोड्या पाण्यावर जगणारे मच्छीमार दुहेरी मेले : आधी तळ्यात, मग बाजारात. हा रोग माणसाला होत नाही; शिजवलेल्या माशातून तर मुळीच नाही. पण व्रण हे असे लक्षण आहे की ते पाहणाऱ्याला युक्तिवाद ऐकू येत नाही. पोटातल्या रोगाने मेलेला मासा बाजारात खपून जातो, कातडीच्या रोगातून बरा झालेला मासा मात्र डागासकट नाकारला जातो. त्वचारोगांचा इतिहास माणसांतही काही वेगळा नाही.

१७/ नव्वदच्या दशकात चित्र स्पष्ट झाले. ऑस्ट्रेलियात कॅलिनन, फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी व्रणाच्या पृष्ठभागाऐवजी त्याच्या खोल कडेला, जिवंत स्नायूत घुसणारे धागे पाहिले. बँकॉकच्या संस्थेत सुप्राणी चिनाबुत, रोनाल्ड रॉबर्ट्स, विलोबी यांनी तोच जीव वेगळा काढला. निरोगी माशाच्या स्नायूत त्याचे बीजाणू टोचले की तोच व्रण उठे. जलबुरशीच्या त्या जातीला १९९५ मध्ये नाव मिळाले, आणि लॅटिन व्याकरणाची दुरुस्ती होऊन १९९७ मध्ये ते ‘अॅफॅनोमायसिस इन्व्हाडन्स’ असे स्थिरावले. इन्व्हाडन्स म्हणजे आक्रमण करणारी.

१८/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातली सर्वांत मोलाची गोष्ट पुढची आहे. निरनिराळ्या देशांतून गोळा केलेल्या या जलबुरशीच्या नमुन्यांची आनुवंशिक तुलना झाली, तेव्हा ते जवळजवळ एकसारखे निघाले. एखादा जीव त्या त्या देशात हजारो वर्षे नांदत असता तर त्याचे स्थानिक भेद पडले असते, जसे बारा कोसांवर भाषेचे पडतात. भेद नाहीत याचा अर्थ तो नुकताच आणि वेगाने पसरला. लेखी दप्तर नसलेल्या प्रवासाचा हा पुरावा एखाद्या ताम्रपटाइतका भक्कम मानायला हरकत नाही.

१९/ आता दख्खनकडे. या पठाराला माशांचे वावडे नव्हते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे; त्यात माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य आणि गळाने मासेमारी यांची माहिती येते. ती राजधानी म्हणजे आजचे बसवकल्याण, उमरग्यापासून हाकेच्या अंतरावर. नळदुर्गच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदीवर बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल आजही उभा आहे. पण त्या पाण्यातले मासे त्याच नद्यांचे होते : मरळ, वाम, शिंगाडा आणि त्यांची बारीकसारीक भावंडे. ते कोणी आणून सोडलेले नव्हते.

२०/ विसाव्या शतकात हे बदलले. कटला, रोहू, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मोठे, झपाट्याने वाढणारे मासे सर्व देशाच्या तलावांत हवे झाले. ते साठवलेल्या पाण्यात अंडी घालत नसत. म्हणून पावसाळ्यात बंगाल-बिहारच्या नद्यांतून त्यांचे बीज गोळा करत, मातीच्या हंड्यांत भरत आणि हावड्याहून रेल्वेने दूरच्या प्रांतांत पाठवत. हंड्यांबरोबर माणसे जात. पाण्यात हवा मिसळत राहावी म्हणून ती वाटभर हंड्या हलवत बसत आणि स्टेशनांवर पाणी बदलत. एका हंडीत नेमके कोणत्या जातीचे बीज आहे, हे पिल्ले मोठी होईपर्यंत खात्रीने सांगता येत नसे. बिनबोलावलेले पाहुणे त्यात किती आले असतील याची कल्पना यावरून करावी.

२१/ १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूतील ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना हौदात अंडी घालायला लावले. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. नदीतल्या अनिश्चित बीजाची जागा केंद्रातल्या शुद्ध बीजाने घेतली. हंडीची जागा प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीने घेतली. रेल्वेची जागा पुष्कळ अंशी मालमोटारीने. चौधुरींच्या शोधाचे श्रेय निर्विवाद आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी की एका केंद्रातले बीज आता एका हंगामात अनेक राज्यांतल्या शेकडो तलावांत पोहोचू लागले. महाराष्ट्राला लागणाऱ्या बीजाचा काही भाग आजही पश्चिम बंगाल आणि आंध्रातून येतो. यातला पहिला प्रांत म्हणजे ईयूएसचे भारतातले जवळजवळ प्रवेशद्वार.

२२/ धाराशिवच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली : दुष्काळ. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर मराठवाडाभर पाझर तलाव खोदले गेले. पुढे माकणीचा निम्न तेरणा, परंड्याकडचा सीना-कोळेगाव असे प्रकल्प झाले; कळंबला लागून धनेगावचा मांजरा आहेच. भोई समाजाच्या आणि इतरांच्या मच्छीमार सहकारी संस्था हे तलाव ठेक्याने घेऊ लागल्या. माणसाने दगडमाती वाहून पाणी निर्माण केले, मग त्या पाण्यात मासा निर्माण करणे आले.

२३/ तलावांचा मासा नदीच्या माशासारखा परंपरेने चालत येत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांना आठवते. तेव्हा धरणातल्या माशांचे काय झाले हे फारसे कोणी विचारत नाही. तळ उघडा पडला की मासा संपतो. पुन्हा पाऊस झाला की पुन्हा बीज आणावे लागते. म्हणजे दर मोठ्या दुष्काळानंतर या जिल्ह्यातली मत्स्यशेती शून्यापासून आणि पूर्णपणे बाहेरच्या पिशवीवर सुरू होते. नदीकाठच्या जिल्ह्याला जे परावलंबन क्वचित येते, ते येथे नित्याचे आहे.

२४/ रोगाची यंत्रणा पाहिली की हंगामाचे गणितही जुळते. जलबुरशीचे बीजाणू पाण्यात पोहत माशाच्या अंगावर उतरतात. अखंड खवले आणि त्यावरचा बुळबुळीत थर असेल तर ते आत शिरू शकत नाहीत. जाळ्याचा ओरखडा, वाहतुकीत एकमेकांवर घासून सुटलेला खवला, किंवा ‘अर्ग्युलस’ नावाच्या माशांच्या उवेने घेतलेला चावा त्यांना पुरतो. पाण्याचे तापमान १८ ते २२ अंशांच्या घरात आले की माशाची प्रतिकारशक्ती मंदावते, बुरशी मात्र वाढतच राहते. म्हणून हा रोग पावसाळ्यानंतरच्या थंडीत डोके वर काढतो. नेमके याच महिन्यांत बोटुकली अंगाने भरत असते आणि ठेकेदार संस्थेला हप्त्याची काळजी लागलेली असते.

२५/ येथे दख्खनच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. या रोगाला क्षार कमी असलेले, आम्लतेकडे झुकणारे पाणी मानवते. ऑस्ट्रेलियात आम्लयुक्त मातीतून पावसाने वाहून आलेल्या पाण्याने माशांची त्वचा आधीच सोलवटलेली असे. काळ्या मातीतले आणि बेसाल्टच्या खडकातले पाणी बहुधा जड असते. गृहिणीच्या पातेल्यावर पांढरा थर जमवणारे हेच पाणी माशाच्या कातडीची मात्र काही अंशी राखण करते. ‘काही अंशी’ हे शब्द महत्त्वाचे, कारण मोठ्या पावसात नव्याने भरलेल्या तलावाचे पाणी काही काळ हलके असते. तलावात चुना टाकण्याचा सल्ला याच तत्त्वावर उभा आहे.

२६/ सर्व मासे सारखे बळी पडत नाहीत. मरळ सर्वांत दुबळा. पुंटियस कुळातले बोटभर लांबीचे मासे तर साथीची पहिली सूचना देतात. कटला, रोहू, मृगळ यांनाही रोग होतो. सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प आणि तिलापिया हे परदेशी पाहुणे मात्र बहुतांशी सुटतात. यातून एक विपरीत परिणाम संभवतो : मच्छीमार जितका साथीला भितो तितका परदेशी माशाकडे वळतो, आणि तेरणेतला मूळचा मरळ तितका दुर्मीळ होतो. युरोपातल्या पैदास करणाऱ्यांना रेनबो ट्राउट आवडला त्यामागेही असाच हिशेब होता.

२७/ उपाय भारतातही शोधला गेला. भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने ‘सिफॅक्स’ हे द्रावण तयार केले. एक मीटर खोल पाण्याच्या एका हेक्टरला एक लिटर हे त्याचे प्रमाण. पाझर तलावाला किंवा शेततळ्याला ते परवडते. निम्न तेरणासारख्या जलाशयाला परवडण्याचा प्रश्नच येत नाही. तेथे रोग आला की थंडी ओसरेपर्यंत वाट पाहणे एवढेच हाती उरते. २०१३ पासून जलचरांच्या रोगांवर पाळत ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला आहे.

२८/ २००६-०७ मध्ये हाच रोग आफ्रिकेत, बोत्सवाना-नामिबिया-झांबियाच्या सीमेवर चोबे आणि झांबेझी नद्यांत प्रकट झाला. मधल्या हिंदी महासागराने त्याला अडवले नाही.

२९/ धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण आणि तगर येथील माल गाड्यांनी भरूच बंदरात जाई असा उल्लेख आहे. नद्या पूर्वेला वाहत होत्या, माल पश्चिमेला जात होता. आज तेरणेच्या काठी जुलै-ऑगस्टमध्ये मालमोटार थांबते, फुगलेल्या पिशव्या उतरतात आणि त्या आधी तलावाच्या पाण्यात तरंगत ठेवल्या जातात, म्हणजे आतले-बाहेरचे तापमान जुळते. जाणता मच्छीमार याच वेळी एका टोपात मिठाचे पाणी करून ठेवतो. पिशवीतले पाणी तो तलावात ओतत नाही. बोटुकली चाळणीने उचलून काही क्षण मिठाच्या पाण्यात बुडवतो आणि मग सोडतो. पिशवीतले उरलेले पाणी तो काठापासून लांब, वाळलेल्या मातीवर ओततो.